घरच्यांचाच रॉक बँड! पण अंगावर नर्सचे कपडे कशाला?

निरगुडसर-नारायणगाव पट्ट्याला घरचा फड नवा नाही. विठाबाई नारायणगावकर वडील-चुलत्यांच्या फडातच घडल्या. अमेरिकेतला असाच घरचा संच म्हणजे ‘डॅनियलसन फॅमिली’ हा ख्रिस्ती रॉक बँड.

सुरुवात कशी झाली?
न्यू जर्सीच्या डॅनियल स्मिथने रटगर्स विद्यापीठातील प्रकल्प म्हणून २४ गाण्यांचा अल्बम केला. तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. साथीला भावंडे होती.

असा वेष का?
श्रद्धेने मन बरे होते, हे नर्सच्या कपड्यांतून सांगायचे होते. एकट्याने गाताना डॅनियल नऊ फळांचे झाड अंगावर चढवायचा. बायबलमध्ये पवित्र आत्म्याची फळे नऊच आहेत.

पुढे काय झाले?
भावंडे मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. २००६ च्या ‘शिप्स’ अल्बममध्ये घरच्यांसोबत मित्रही आले. घर पांगले, तरी गाणे टिकले.