पायाखालचा युरोप

१३,६५९. नेदरलँड्समधल्या शाळकरी पोरांना हा आकडा पाठ असतो. लक्षात ठेवायची युक्तीही सोपी: वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी १ आणि मागे ९. ॲमस्टरडॅमच्या डाम चौकातला राजवाडा एवढ्या लाकडी खांबांवर उभा आहे. १६४८ साली नगरभवन म्हणून त्याचं काम सुरू झालं, तेव्हा आधी हे सगळे खांब जमिनीत ठोकले आणि मग त्यावर दगड चढवला. आज चौकात हजारो माणसं फोटो काढत असतात. खांब एकालाही दिसत नाहीत.

माझी भाची जर्मनीत आखनला इंजिनिअरिंगचं मास्टर्स करते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते; परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात मोठा गट आपलाच. व्हिसासाठी बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवायचे आणि त्यातले महिन्याला ९९२ हातात घ्यायचे, हा या मुलांचा संसार. खोलीभाडं, विमा आणि किराणा वजा जाता जे उरतं त्यात युरोप बघायचा. मग परीक्षा संपल्या आणि नवं सत्र सुरू व्हायचंय, एवढ्या फटीत दहा दिवसांत सात शहरं बसवावी लागतात: ॲमस्टरडॅम, कोलोन, पॅरिस, झुरिक, मिलान, व्हेनिस, रोम. रेल्वेने सुमारे अडीच हजार किलोमीटर. पाठीवर एक सॅक, सॅकेत तिखट-मिठाच्या पुऱ्या, रात्री हॉस्टेलमधल्या आठ जणांच्या खोलीत एक पलंग.

अशा धावत्या सहलीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. चोविसाव्या वर्षी, स्वतः साठवलेल्या पैशांत, जेवढं जमेल तेवढं डोळ्यांत भरून घ्यायची ओढ ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त एवढ्या घाईत शहर वरवर दिसतं. माझं आयुष्य पाइलिंगच्या कामात गेलं, त्यामुळे इमारतीआधी तिचा पाया डोळ्यांपुढे येतो. म्हणून निघण्यापूर्वी मी तिला शहरागणिक एखाद-दुसरा आकडा लिहून दिला, आणि शक्यतो तिथे गेल्यावरही डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा. युरोपातले खरोखर चक्रावून टाकणारे आकडे जमिनीखाली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

ॲमस्टरडॅमला तिचं पहिलं पाऊलच ८,६८७ खांबांवर पडलं, कारण १८८९ साली उघडलेलं तिथलं मुख्य स्टेशन तेवढ्या लाकडांवर उभं आहे. वरचे दहा-बारा मीटर नुसता मऊ चिखल आणि कुजलेल्या वनस्पतींची माती, त्याखाली घट्ट वाळूचा थर. खांबाचं टोक त्या वाळूत बसलं की इमारत टिकली. लाकूड कुजत कसं नाही, हा तिचा प्रश्न होता. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला हवा लागते. खांब कायम पाण्याखाली राहिला तर शतकानुशतकं शाबूत राहतो. पाणी उतरून डोकं उघडं पडलं की काही वर्षांत भुसा. म्हणून तिथे कालव्यांची पातळी राखणं हे शहराचा पाया राखण्याचंच काम आहे. तिने एका गल्लीतल्या घराचा फोटो पाठवला: विटांच्या ओळी डावीकडे उतरलेल्या, खिडकीची चौकट काटकोनातून सुटलेली, आणि त्यात बसवलेली काच मात्र मुद्दाम तिरकी कापलेली. एका बाजूचे खांब खचले की घर असं बोलतं. घरातल्या माणसांनी काच कापून घेतली आणि राहणं चालू ठेवलं.

कोलोनचा आकडा वर्षांचा आहे. तिथल्या कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ ची आणि बांधकाम पूर्ण झालं १८८० साली. ६३२ वर्षं. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पंचवीस पिढ्या. काम सुरू झालं तेव्हा देवगिरीवर यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता. कळस चढला त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्यात ‘केसरी’ निघाला. मधली तीनेकशे वर्षं काम ठप्प होतं. दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर मध्ययुगातली लाकडी क्रेन तशीच उभी होती, इतकी वर्षं की ती शहराची ओळखच झाली. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हाही ती तिथेच होती.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकतो तो एक कागद, म्हणजे खरं तर चर्मपत्र. दर्शनी भागाचा तेराव्या शतकातला मूळ आराखडा चार मीटर उंचीचा होता आणि तो हरवला होता. १८१४ साली त्याचा अर्धा भाग डार्मस्टाटमध्ये सापडला, १८१६ साली उरलेला अर्धा पॅरिसमध्ये. दोन्ही जोडले, १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेतलं आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने काढलेल्या रेषांवर १५७ मीटरचे दोन मनोरे चढवले. स्वतःच्या हयातीत पुरी न होणारी गोष्ट इतक्या बारकाईने आखून ठेवणारा तो माणूस माझ्या मनात कायमचा घर करून बसला आहे. भाची ५३३ पायऱ्या चढून वर गेली. अर्ध्या वाटेत पाय थरथरायला लागले तेव्हा तिने हिशेब केला म्हणे: प्रत्येक पायरीला बांधकामाचं एकेक वर्ष धरलं तरी वर पोचेपर्यंत ९९ वर्षं शिल्लक राहतात.

पॅरिसमध्ये लोक वर बघतात, आणि बघावंच. आयफेल टॉवर म्हणजे लोखंडाचे १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट, आणि उभारायला लागली फक्त दोन वर्षं, दोन महिने आणि पाच दिवस. लूव्हरमध्ये जर्मनीतलं निवास-कार्ड आणि सव्विसाच्या आतलं वय दाखवून तिला फुकट प्रवेश मिळाला. तिथे सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीपुढे अर्धा मिनिट थांबायचं म्हटलं तर २९१ तास होतात. रोज नऊ तास धरले तर एक दिवसही सुट्टी न घेता बत्तीस दिवस. तिच्याकडे तीन तास होते, म्हणजे वाट्याला येतो वस्तूमागे सेकंदाचा तिसरा हिस्सा. आणि मांडलेलं हे सगळं मिळूनही एकूण संग्रहाच्या दहाव्या हिश्शाएवढं भरत नाही. तिने शहाणपणा केला. मोना लिसासमोरची गर्दी टाळून ती तळघरात गेली, जिथे ११९० च्या सुमारास बांधलेल्या मूळ किल्ल्याच्या भिंतीचा पाया उघडा ठेवला आहे.

तिथून तिला आणखी खाली जायचं होतं. पॅरिसचा दगड पॅरिसखालूनच निघाला आहे. जुन्या शहराच्या भिंती ज्या चुनखडीने उभ्या राहिल्या, ती शतकानुशतकं शहराच्या पोटातूनच खणून काढली गेली, आणि खाली सुमारे तीनशे किलोमीटरचे बोगदे उरले. अठराव्या शतकात शहरातली कबरस्तानं इतकी तुडुंब झाली की १७८० मध्ये एका कबरस्तानाच्या दाबाने शेजारच्या घराच्या तळघराची भिंत फुटून आत आली. मग १७८६ पासून रात्री झाकलेल्या गाड्यांतून अस्थी या रिकाम्या खाणींत नेऊन ठेवायला सुरुवात झाली. ठेवलेल्या माणसांचा अंदाज आहे साठ लाखांचा. वर, शहराच्या हद्दीत, आज राहतात सुमारे एकवीस लाख.

१३१ पायऱ्या उतरून वीस मीटर खाली गेलं की दीड किलोमीटरची वाट आहे. मांड्यांची हाडं टोकं बाहेर करून सरपणासारखी रचलेली, मधे मधे कवट्यांची सरळ ओळ, आणि थोड्या थोड्या अंतरावर दगडी पाटी: अमुक कबरस्तानातून, अमुक तारखेला आणलेले. भाची म्हणाली, “मामा, भीती नाही वाटली. पण पाटीवरची तारीख वाचल्याशिवाय पुढे जाववेना.” मला तिचं हे फार आवडलं.

झुरिकला नुसती रात्र काढली. तिथून मिलानकडे जाणारी गाडी आल्प्सच्या खालून जाते. गोटहार्डचा बोगदा: ५७ किलोमीटर, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर खडक, आणि खडकाचं तापमान पंचेचाळीस अंशांपर्यंत. खणून बाहेर काढलेला दगड २ कोटी ८२ लाख टन. आपल्याकडच्या दहा टनी ट्रकमध्ये भरायचा झाला तर २८ लाख २० हजार खेपा. आठ-आठ मीटरचे ते ट्रक एकाला एक चिकटून उभे केले तर रांग होईल साडेबावीस हजार किलोमीटरची, म्हणजे मुंबई ते दिल्ली आठ वेळा जाऊन-येऊन. त्यातला काही दगड बोगद्याच्याच काँक्रीटला वापरला आणि काही वाटेतल्या सरोवरात टाकून छोटी बेटं केली, जिथे आज लोक उन्हाळ्यात पोहायला जातात.

माझ्या धंद्यातली माणसं या कामातला एकच आकडा आधी विचारतात. वेगवेगळ्या टोकांकडून खणत आलेले बोगदे १५ ऑक्टोबर २०१० रोजी डोंगराच्या पोटात भेटले, तेव्हा चूक किती होती? आडवी ८ सेंटीमीटर, उभी १ सेंटीमीटर. ५७ किलोमीटरात. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी दोन बाजूंनी काम सुरू करून मधे गाठ घातली आहे, त्यांना यावर काही बोलावंसंच वाटणार नाही. या कामावर नऊ कामगार गेले. सतरा वर्षांचं हे काम प्रवाशाच्या वाट्याला येतं ते वीसेक मिनिटांच्या काळोखाच्या रूपाने, आणि डब्यातले बहुतेक जण तेवढ्यात मोबाइल बघतात. भाचीने मोबाइलवर घड्याळ लावलं होतं.

मिलानला दोन गाड्यांच्या मधे कॅथेड्रलवरच्या ३,४०० पुतळ्यांना बाहेरूनच नमस्कार.

व्हेनिसमध्येही लाकूडच आहे, पण गणित वेगळं. ॲमस्टरडॅमचा खांब लांब, खालच्या वाळूपर्यंत पोचणारा. व्हेनिसचा आखूड, आणि इतका दाटीने ठोकलेला की मधली माती दाबली जाऊन स्वतःच घट्ट व्हावी. कामगार जड वजन दोन्ही हातांनी उचलत आणि गाण्याच्या तालावर खांबाच्या डोक्यावर आणत. १५९१ मध्ये पुरा झालेला रिआल्तो पूल अशा बारा हजार खांबांवर आहे. आणि मोठ्या कालव्याच्या तोंडाशी सांता मारिया देला सालूते हे गोल घुमटाचं चर्च आहे. १६३० च्या प्लेगमध्ये शहरातली जवळजवळ एकतृतीयांश माणसं गेली. जे वाचले त्यांनी ते बांधायला घेतलं. त्याच्याखाली दहा लाखांहून अधिक खांब आहेत.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांखाली गेली. रिआल्तोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी २००८ पासून लावलेली आहे, आणि जुन्या फोटोंपासून आजच्या फोटोपर्यंत ती उतरतच गेलेली दिसते. एका चर्चखालचे खांब आणि आख्ख्या शहरात उरलेली माणसं यांचा भागाकार केला तर माणशी वीस खांब येतात. पाण्यापासून वाचण्यासाठी २०२० पासून समुद्राच्या तोंडावर ७८ लोखंडी दरवाजे उचलले जातात आणि त्यांचा उपयोग झाला आहे. माणसं टिकवणारा दरवाजा अजून कोणी केलेला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. शहर म्हणजे खांबांवर उभ्या घरात रात्री दिवा लावणारं माणूस. ते नसेल तर आम्ही पाया कशासाठी घालतो?

रोमला ती थकून पोचली. कलोसियम, पँथिऑन, व्हॅटिकन हे सगळं एका दिवसात चालून झालं. संध्याकाळी त्रेवीचं कारंजं. तिथे लोक नाणी टाकतात, आणि दिवसाला तीनेक हजार युरो जमतात. ते गरिबांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे जातात. माझा आकडा मात्र नाण्यांचा नव्हता, पाण्याचा होता. ज्या जलवाहिनीने या कारंज्याला जन्म दिला ती इ.स.पू. १९ मध्ये अग्रिप्पाने बांधली. लांबी सुमारे वीस किलोमीटर, बहुतेक जमिनीखालून, आणि एवढ्या लांबीत एकूण उतार फक्त चार मीटर. त्रेवीपासून चालत पाच मिनिटांवर एक बहुमजली दुकान आहे, पर्स-अत्तरांचं. त्याच्या तळघरात या जलवाहिनीच्या कमानींचा सुमारे साठ मीटरचा तुकडा जसाच्या तसा जपून ठेवलाय. तिकीट नाही, सरकत्या जिन्याने खाली उतरायचं.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून ती तिथे जाऊन बसली आणि तिथूनच फोन केला. “मामा, वीस किलोमीटरला चार मीटर म्हणजे पाच हजारात एक. दुर्बिणीचं लेव्हल नव्हतं, लेझर नव्हता. मोजलं कशाने रे त्यांनी?”

मी तिला व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलेलं अवजार सांगितलं: सुमारे सहा मीटर लांबीचं लाकडी बाक, दोन्ही टोकांना ओळंबे, आणि वारा असला तर ओळंबे हलतात म्हणून वरच्या फळीत पाण्याची एक अरुंद खाच. ते ठेवायचं, पातळी बघायची, खूण करायची, उचलायचं, पुढे ठेवायचं. मग तिने तिथल्या तिथे भागाकार केला. पाच हजारात एक या उताराने सहा मीटरच्या बाकावर फरक पडतो १.२ मिलिमीटर.