वेताची खुर्ची

वेत म्हटला कीं माझ्या पिढीच्या माणसांस प्रथम आठवते ती शिक्षकाच्या हातांतील छडी. मी स्वतः तीस-बत्तीस वर्षें शिक्षक होतों, आणि आरंभींचीं कांहीं वर्षें ती छडी माझ्याही टेबलावर असे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील मारहाणीस बंदी केली, हें योग्यच झालें. परंतु त्याच वेताचा याहून फार चांगला उपयोग माझ्या घरांत नित्य डोळ्यांपुढें होता, आणि त्याकडे मीं कधीं नीट पाहिलें नव्हतें. तो म्हणजे माझ्या वडिलांची, दोन्ही बाजूंस हात असलेली सागवानी खुर्ची. तिची बैठक आणि पाठ वेतानें विणलेली होती. त्या खुर्चीच्या निमित्तानें अशा खुर्च्यांची घडण कशी असते आणि त्या कशाच्या बळावर टिकतात, हें आज आपणांस सांगावें असा विचार आहे.

वेत हा बांबूचा भाऊबंद, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. बांबू हें गवत. तें आंतून पोकळ असतें. वेत हा ताडामाडांच्या कुळांतील कांटेरी वेल, आणि तो आंतून भरीव असतो. आपल्या मागें वळलेल्या कांट्यांनीं शेजारच्या झाडांस धरून तो वर चढत जातो. त्याच्या कांहीं जाती शंभर मीटरांहूनही लांब वाढतात. सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, आसामकडे, अंदमानांत आणि इंडोनेशियाच्या बेटांत तो आढळतो. अशी जाळीची बैठक विणण्यास त्याचा गाभा वापरीत नाहींत. वरची तकतकीत साल सोलून तिच्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या काढतात, आणि त्याच विणकामाला लागतात.

परंतु विणणाऱ्याच्या आधीं सुताराचें काम. हात, पाय व पाठ यांचे सांधे तो खिळ्यांनीं जोडीत नाहीं. एका लांकडांत खांच पाडून तींत दुसऱ्याचें टोक घट्ट बसवितो. खरी परीक्षा असते ती बैठकीच्या चौकटीची. तिच्या चारी बाजूंस गिरमिटानें ओळीनें भोकें पाडावीं लागतात. दोन भोकांमधील अंतर साधारण अर्धा इंच. भोकें याहून फार जवळ आलीं तर लांकूड त्या रेषेवर चिरतें, फार दूर गेलीं तर जाळी विरळ होऊन माणसाचा भार सोशीत नाहीं. म्हणून येथें सागासारखें चिवट आणि सहसा न वांकणारें लांकूड हवें.

विणकामाचे सहा फेरे असतात. पट्टी प्रथम पाण्यांत भिजवून नरम करितात. पहिल्या फेऱ्यांत ती मागच्या भोकांतून पुढच्या भोकांत, अशी उभी ताणतात. दुसरा फेरा आडवा. तो पहिल्यावर नुसता टाकावयाचा. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच भोकांतून, पण दुसऱ्याच्या वरून. चौथ्यापासून खरें विणणें सुरू होतें. ही आडवी पट्टी तिसऱ्या फेऱ्याच्या पट्टीवरून आणि पहिल्याच्या पट्टीखालून न्यावयाची, म्हणजे सारे धागे एकमेकांत अडकून जागच्या जागीं बसतात. पांचवा आणि सहावा फेरा तिरपा. त्यांतील एक उभ्या जोड्यांवरून व आडव्या जोड्यांखालून जातो, दुसरा बरोबर त्याच्या उलट. हा नियम पाळला तर तिरपी पट्टी आपोआप सरकून कोपऱ्यांत बसते. चुकला तर ती अडखळते, बसणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर घांसली जाते, आणि अल्पावधींत तुटते. शेवटीं भोकांच्या ओळीवर एक रुंद पट्टी टांके घालून बसवितात. ओली पट्टी वाळतांना आंवळते आणि सबंध जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताठ होते. ज्या अष्टकोनी छिद्रांची नक्षी आपणांस दिसते, ती या सहा फेऱ्यांतून आपोआप उमटलेली असते.

अशा खुर्च्या सतराव्या शतकांत पूर्वेकडच्या व्यापाराबरोबर युरोपांत पोहोंचल्या. लंडनमध्यें त्या १६६० नंतर रूढ झाल्या, आणि इतक्या खपूं लागल्या कीं लोकरी कापडाच्या व्यापाऱ्यांस गाद्यांच्या खुर्च्यांची काळजी वाटूं लागली. १६८९ च्या सुमारास हा वाद पार्लमेंटापर्यंत गेला. वेताच्या खुर्च्या टिकाऊ आणि हलक्या असतात, त्यांत धूळ सांठत नाहीं आणि कसर लागत नाहीं, असें त्या वेळीं खुर्ची बनविणाऱ्यांनीं आपल्या अर्जांत मांडलें होतें. आपल्या उष्ण हवेंत तर आणखी एक गुण मोलाचा ठरतो : छिद्रांतून वारा खेळतो, त्यामुळें पाठीस घाम धरत नाहीं.

आतां माझ्या अपराधाकडे येतों. वडील गेल्यानंतर कांहीं वर्षांनीं खुर्चीची बैठक मध्येंच फाटली. विणणारा शोधण्याचा मीं कंटाळा केला आणि प्लायवुडचा एक तुकडा खिळ्यांनीं ठोकून वर उशी टाकली. पुढें बरींच वर्षें ती तशीच होती. शेवटीं एका स्नेह्यानें एक वृद्ध विणकर पाठविले. ते अंध होते. अंधशाळांतून खुर्च्या विणण्याचें काम शिकविण्याची रीत देशोदेशीं फार जुनी आहे, आणि त्यांचेंही शिक्षण तसेंच झालें होतें. त्यांनीं प्लायवुड काढावयास लावलें, चौकटीवरून बोट फिरवीत भोकें मोजलीं आणि एका जागीं थांबून विचारलें, "मास्तर, हे खिळे कोणीं मारले?" मीं म्हणालों, "मींच." ते म्हणाले, "वेत तुटला तर नवा घालतां येतो. हें लांकूड चिरलें आहे, त्याचें काय करावें?"

खिळे नेमके भोकांच्या रेषेवर गेले होते. सुतारास बोलावून एक बाजू बदलावी लागली, आणि मग तीन दिवसांत त्यांनीं ती बैठक विणली. त्यांची बोटें कोठें चुकलीं नाहींत. तीन दिवस मी शेजारीं बसून पाहत होतों, आणि त्या वेळीं मला उमगलें कीं वेत तुटणें हा खुर्चीचा दोष नव्हेच. चौकट पिढ्यान्‌पिढ्या राहावी आणि बैठक झिजली कीं पुन्हा विणावी, अशीच तिची मूळ योजना असते. ती योजना मोडते ती विणणारा न उरल्यामुळें, किंवा आपण त्यास न बोलाविल्यामुळें.

ही चूक मोठमोठ्या ठिकाणींही झाली आहे. १९५० नंतर चंडीगड शहर वसूं लागलें, तेव्हां ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतबंधु पियेर जान्नरे यांच्या देखरेखीखालीं तेथील कचेऱ्यांसाठीं सागाच्या व वेताच्या खुर्च्या हजारोंनीं घडविल्या गेल्या. कालांतरानें त्या मोडक्या ठरल्या आणि कवडीमोलानें भंगारांत गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्याच उचलल्या, नव्यानें विणून घेतल्या, आणि लिलांवांत त्यांस लाखों रुपये येऊं लागले. मग २०११ सालीं केंद्र सरकारनें त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. खुर्च्या त्याच होत्या. फरक केवळ नव्या वेताचा आणि पारखी दृष्टीचा.

म्हणून शेवटीं चार व्यवहाराच्या गोष्टी. वेताच्या बैठकीवर उभें राहूं नये, गुडघा टेकूं नये. भार एका जागीं पडतो. खुर्ची सतत उन्हांत ठेवूं नये, पट्टी ठिसूळ होते. बैठक सैल वाटली तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूस ओलें फडकें फिरवावें, कारण वरच्या तकतकीत सालींत पाणी मुरत नाहीं. आणि रात्रभर तींत कोणीं बसूं नये. सकाळीं जाळी पुष्कळशी ताठ झालेली आढळते. आणि माळ्यावर एखादी फाटकी खुर्ची असेल, तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं उलटी करून पाहावी. चौकटीस सभोंवार भोकें असतील तर ती हातानें विणलेली आहे, आणि पुन्हा विणतां येईल.

त्या वृद्ध गृहस्थांचा पुतण्या रिक्षा चालवितो; त्यास हें काम शिकावयाचें नव्हतें. मग त्यांच्याजवळून मींच सहा फेरे शिकून घेतले. एका जुन्या स्टुलावर हात बसवितांना पांचवा फेरा मीं दोनदा चुकविला, आणि त्यांनीं दोन्ही वेळां बोटानें चांचपून तो मला उसवावयास लावला.