गोव्याचं तिकीट काढताय? आधी शेवटचं अक्षर बघा!

सेमिस्टर संपली, ग्रुपवर ‘गोवा फायनल’ असा मेसेज पडला आणि सगळ्यात स्वस्त तिकीट बुकही झालं. मस्त! पण मंडळी, ते विमान नेमकं कुठे उतरणार, हे कुणी पाहिलं का?

कारण गोव्यात एअरपोर्ट दोन आहेत. वास्कोजवळचा जुना दाबोळी, नौदलाच्या तळावरचा. त्याचा कोड जीओआय. आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिथून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडायला लागली. त्याचा कोड जीओएक्स. फरक एका अक्षराचा, पण रस्त्यावर तो चांगलाच महागात पडतो.

नकाशावर सरळ रेघ ओढली, तर दोघांमधलं अंतर जेमतेम 40 किलोमीटर. गाडीने मात्र साधारण 60 किलोमीटर होतात. कारण मध्ये नद्या आहेत. दाबोळीहून निघालात की आधी पूर्वेला कुठ्ठाळीपर्यंत यायचं, तिथे झुआरी ओलांडायची, मग पणजीला मांडवी आणि पुढे कोलवाळला शापोरा. पूल सोडून दुसरी वाट नाही, त्यामुळे सगळी गर्दी त्याच रस्त्यावर. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. संध्याकाळी पणजी-पर्वरीत अडकलात तर दोन तासही कमीच. गंमत बघा, मुंबईहून गोव्याला विमान साधारण सव्वा तासात पोहोचतं!

आता हिशोब करा. मुक्काम हरमल किंवा मोरजीला असेल तर मोपा जवळ. कोलवा किंवा पाळोळेला जायचं असेल तर दाबोळी. उलटं तिकीट काढलंत, तर वाचलेले हजार-बाराशे टॅक्सीत गेलेच म्हणून समजा. त्यात इथे मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर मिळत नाही.

खरा धोका परतीचा. येताना एका एअरपोर्टवर उतरलात म्हणून परतीचं विमानही तिथूनच असेल, असं नाही. बहुतेक कंपन्यांचं चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं. चुकीच्या गेटवर उभं राहून हे कळलं, तर दुसरीकडे वेळेत पोहोचणं जवळपास अशक्य. मग दुसऱ्या दिवशी व्हायवा असो की इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू, नवं तिकीट तुमच्याच खिशातून! एकातून उतरून दुसऱ्यातून उडायचं अशी दोन वेगळी तिकिटं काढणार असाल, तर मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा.

म्हणून बुक करताना नुसतं ‘गोवा’ वाचून थांबू नका. जाताना आणि येतानाचे दोन्ही कोड बघा, आणि टॅक्सीवाल्या काकांना ‘एअरपोर्टला चला’ न म्हणता दाबोळी की मोपा ते स्पष्ट सांगा.