मासा पेराएवढा, तयारी सहा आठवड्यांची

नवी दिल्ली : जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबी, पिवळसर हिरव्या अंगावर काळसर ठिपके आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरणारे दोन डोळे. शोभिवंत माशांच्या दुकानात बटू पफर पाहताच ग्राहकाची पावले थांबतात. बोटाच्या पेराएवढा हा जीव एखाद्या बरणीतही सुखाने राहील, असा समज होतो. त्या समजापायी तो त्याच दिवशी घरी नेला जातो आणि पुष्कळदा महिनाभरही जगत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर ‘केंड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुगणाऱ्या माशांच्या कुळातील हा सर्वांत लहान माशांपैकी एक. ‘कॅरिनोटेट्राओडॉन ट्रावनकोरिकस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी 1941 मध्ये तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पंबा नदीतून त्याची नोंद केली. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातील नद्यांचे संथ, पाणवनस्पतींनी भरलेले काठ हे त्याचे घर. भारताबाहेर तो निसर्गतः कोठेही आढळत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना ‘असुरक्षित’ प्रजातींत केली आहे.

बाजारात येणारे यांतील बरेच मासे नदीतून पकडलेले असतात. 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातील 30 प्रजातींचे 15 लाखांहून अधिक गोड्या पाण्यातील मासे शोभेसाठी निर्यात झाले, असे 2013 मध्ये ‘बायोलॉजिकल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकातील अभ्यासाने दाखवून दिले. त्या यादीत बटू पफरही होता. त्यामुळे घरातील टाकीत दगावलेल्या माशाची जागा भरण्यासाठी नदीतून आणखी एक मासा उचलला जाण्याची शक्यता मोठी असते. टाकी नीट उभारणे हा म्हणूनच केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

टाकी आणि पाणी

दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत सुमारे 40 लिटर पाणी मावते. तळाची वाळू व लाकूड धरता ते 35 लिटरच्या आसपास राहते. एक मासा अथवा एक नर आणि दोन माद्या यांच्यासाठी एवढी टाकी पुरेशी ठरते. याहून लहान भांड्यात पाण्याचे तापमान आणि गुणवत्ता झपाट्याने बदलते. भरलेल्या टाकीचे वजन 50 किलोच्या घरात जाते, तेव्हा ती भक्कम, सपाट आधारावर आणि थेट उन्हापासून दूर ठेवावी.

पफर म्हटले की पाण्यात मीठ हवे, असा सल्ला सर्रास दिला जातो. खाडीतील निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या पफरांना तो लागू असेल. बटू पफर मात्र संपूर्णपणे गोड्या पाण्यातला मासा आहे. त्याला 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. उत्तर भारतातील हिवाळ्यात त्यासाठी हीटर लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकणारे द्रावण वापरल्याशिवाय ते पाणी टाकीत घालू नये.

हा मासा जोरदार प्रवाहात पोहणारा नाही. त्यामुळे एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर त्याच्यासाठी योग्य असतो. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा मॉस आणि जलब्राह्मी या कमी निगेच्या वनस्पती आहेत. त्यांना दिवसाकाठी सहा ते आठ तास प्रकाश पुरतो; अधिक प्रकाशाने शेवाळ माजते. दाट झाडोरा केवळ शोभेसाठी नसतो. बटू पफर आपल्या हद्दीबाबत आक्रमक असतो, नर तर एकमेकांवर तुटून पडतात. झाडांच्या आडोशामुळे दुबळ्या माशाला नजरेआड होता येते.

सहा आठवडे कशासाठी?

टाकी भरली, रोपे लावली, पाणी नितळ दिसू लागले, तरी ती माशासाठी तयार झालेली नसते. माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. तो अत्यल्प प्रमाणातही विषारी असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, तेही घातकच. जिवाणूंचा दुसरा गट नायट्राइटपासून तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतो आणि ते वनस्पती शोषून घेतात. हे जिवाणू स्पंजवर, वाळूवर आणि पानांवर वाढतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात टाकीत मासा नसावा. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकले, की ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. बाजारातील टेस्ट किटने पाणी तपासत राहावे. खाद्य टाकणे सुरू असतानाही अमोनिया आणि नायट्राइट सलग काही दिवस शून्य दाखवू लागले, म्हणजे टाकी तयार झाली. पुढे स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने हेच जिवाणू मरतात. म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी बदलावे.

उपासमारीचा धोका

पाण्याच्या खालोखाल बटू पफर दगावतो तो भुकेने. दुकानातील कोरडे खाद्य तो सहसा तोंडात घेत नाही. चोचीसारख्या घट्ट दातांनी गोगलगायींचे कवच फोडणे हा त्याचा स्वभाव आहे. प्रतीक्षेच्या आठवड्यांत एखाद्या बरणीत लहान पाणगोगलगायी वाढवून ठेवल्यास खाद्याचा प्रश्न बराचसा सुटतो. जोडीला गोठवलेले ब्लडवर्म आणि डॅफ्निया द्यावेत. गटारातील जिवंत किड्यांबरोबर रोग येतात, ते टाळावेत. खाऊन उरलेले अन्न लगेच काढून टाकावे.

खरेदीपूर्वी मासा दुकानात खाताना पाहणे हितावह. पोट आत गेलेला मासा उपाशी अथवा पोटातील परजीवींनी ग्रस्त असू शकतो. त्याच्या अंगावर नेहमीचे खवले नसल्याने औषधे जपून आणि कमी मात्रेत द्यावी लागतात. तो फुगलेला पाहण्यासाठी त्याला डिवचणे किंवा पाण्याबाहेर काढणे क्रूरपणाचे आहे. पोटात हवा शिरल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. इतर मासेही त्याच्यासोबत नकोत. गप्पी, फायटर यांच्या लांब परांचे तो लचके तोडतो.

दाट मॉस असलेल्या टाकीत बटू पफर अंडी घालतो आणि घरीही त्याची पिल्ले वाढवता येतात. अशी घरी पैदास झालेली पिल्ले मिळत असतील, तर नदीतून पकडलेल्या माशांपेक्षा तीच घ्यावीत. कंटाळा आला म्हणून मासा किंवा रोपे जवळच्या तळ्यात, विहिरीत वा नदीत सोडू नयेत. परके जीव आणि त्यांचे रोग स्थानिक पाण्यासाठी घातक ठरतात. मासा सांभाळणे शक्य नसल्यास तो दुसऱ्या जाणकार हौशी व्यक्तीकडे सोपवावा. नीट सांभाळलेला बटू पफर काही वर्षे जगतो. त्यासाठी सुरुवातीचे सहा आठवडे रिकामी टाकी पाहण्याची तयारी मात्र ठेवावी लागते.