त्रास किती वाजता सुरू झाला?

हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण आमच्या तातडी विभागात येतो, तेव्हा त्याच्या आप्तांस सर्वप्रथम एक प्रश्न विचारला जातो : त्रास नेमका किती वाजता सुरू झाला? पत्ता, विमा, आगाऊ रक्कम हे सारे त्यानंतर. पुष्कळांस हा प्रश्न अप्रस्तुत वाटतो, काहींस त्यात दोषारोपाचा सूर जाणवतो. ‘रात्री जेवणानंतर गॅस धरला होता, ओवा दिला, सोडा दिला, पहाटे जरा बरे वाटले’ अशी उत्तरे येतात. उपचाराचे यश औषधाच्या किमतीपेक्षा या उत्तरावर अधिक अवलंबून असते. म्हणून आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासाठी त्यामागील कारण या अहवालात विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हृदय सर्व शरीरास रक्त पुरविते. परंतु स्वतःच्या स्नायूसाठी लागणारे रक्त त्यास करोनरी रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात. एखाद्या थरावरील पातळ पापुद्रा अचानक फाटतो, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि रोहिणी बंद होते. थर लहान असला तरी तो फाटू शकतो. म्हणूनच काल सकाळी नेहमीप्रमाणे फिरून आलेल्या माणसास आज झटका येतो आणि घरचे चकित होतात. रोहिणी पूर्ण बंद झाल्यावर साधारणतः अर्ध्या तासात स्नायू मरू लागतो. हा नाश हृदयाच्या आतील बाजूकडून बाहेर सरकत जातो व सहा ते बारा तासांत बहुतांशी पूर्ण होतो. मेलेला स्नायू पुन्हा निर्माण होत नाही, त्या जागी केवळ व्रण राहतो.

झटक्याची वेदना बहुधा टोचणारी नसते. छातीच्या मध्यभागी कोणी दगड ठेवल्यासारखे दडपण येते. रुग्ण जागा बोटाने न दाखविता तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. हे दडपण हातांत, जबड्यात, पाठीत वा पोटाच्या वरच्या भागात पसरते, दरदरून घाम सुटतो, मळमळते. पंधरा-वीस मिनिटांत ते ओसरले नाही, तर त्यास अपचन समजणे धोक्याचे आहे. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात मात्र छातीत न दुखताही झटका येतो : नुसता दम लागतो, विलक्षण थकवा येतो, घेरी येते. घरातील स्त्रीच्या अशा तक्रारीकडे ‘दगदग झाली असेल’ म्हणून पाहिले जाते आणि ती स्वतःही तसेच म्हणते. आमच्या मते घरी वाया जाणाऱ्या वेळेचे हे एक मोठे कारण आहे.

रुग्ण येताच दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढला जावा, हा सर्वमान्य दंडक आहे. विलेम आइन्थोवेन या डच शास्त्रज्ञाने 1903 साली ज्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याने दोन खोल्या व्यापल्या होत्या. आज तेच काम हातात मावणारे यंत्र करते. ईसीजीतील रेषेचा एक विशिष्ट भाग उंचावलेला दिसला, तर रोहिणी पूर्ण बंद झाली असे समजून रक्ततपासणीची वाट न पाहता उपचार सुरू करतात. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी रुग्णास घरी सोडता येत नाही, आणि येथेच आप्तांशी पुष्कळदा वाद होतो. रोहिणी अर्धवट बंद असेल तर रेषा फारशी बदलत नाही. अशा वेळी काही वेळाने पुन्हा ईसीजी काढावा लागतो व ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढते काय, हे पाहावे लागते. ते वाढण्यास काही तास लागत असल्यामुळे तपासणी दोनदा होते. दुसरी तपासणी बिल वाढविण्यासाठी नसते.

उपचारातील एक अत्यंत स्वस्त औषध पुष्कळ जुनेही आहे. ॲस्पिरिनची 300 मिलिग्रॅमची मात्रा, ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसल्यास, चावून खाण्यास देतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-2’ या अभ्यासात 17,187 रुग्ण होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू कोणतेच औषध न मिळालेल्यांत शंभरात सुमारे तेरा, तर ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळालेल्यांत आठ होते.

बंद रोहिणी फुग्याने उघडून स्टेंट बसविणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, हा अधिक चांगला उपाय आहे, मात्र तो वेळेत झाला तर. निदानापासून दोन तासांत तो होण्यासारखा नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तत्काळ द्यावे आणि मग रुग्णास मोठ्या केंद्राकडे न्यावे, असा आजचा संकेत आहे. तालुक्याच्या गावातील आमच्यासारख्या रुग्णालयाचे खरे काम हेच. हे इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येते. पण पहिल्या तीन तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. मेंदूतील पूर्वीचा रक्तस्राव, अलीकडील मोठी शस्त्रक्रिया अशा कारणांनी ते देता येत नाही, म्हणून आप्तांनी पूर्वेतिहास लपवू नये. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मुंबई-पुण्याच्या नातलगांस विचारण्याची इच्छा आम्ही समजू शकतो. तो दूरध्वनी रुग्णवाहिकेतून केला तरी चालतो.

खर्चाच्या भीतीनेही पाऊल अडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 मधील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा विनामूल्य व दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा सवलतीने राखीव असतात आणि बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तातडीच्या रुग्णाकडून आगाऊ रकमेची अट घातली जात नाही. दात्यांच्या साहाय्यातून आम्ही गुठळी विरघळविणारे औषध तातडी विभागातच ठेवतो, जेणेकरून आप्तांस चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानाकडे धावावे लागू नये.

घरी त्रास सुरू झाल्यास रुग्णास बसवावे, जिना उतरवू नये, स्वतः वाहन चालवू देऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नये. तिने गुठळी विरघळत नाही, आणि रक्तदाब कमी असल्यास तो आणखी घसरतो. घरी जाताना आम्ही प्रत्येक रुग्णास ईसीजीची छायाप्रत देतो. ती घडी करून पाकिटात ठेवावी. पुढे कधी छातीत दुखले, तर जुन्या रेषेशी नवी ताडून पाहता येते.