अवघड जागेचे दुखणे : लेबियाप्लास्टी कोणासाठी आणि तिच्यानंतर काय?

सिल्वासा : ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते. दुखणे आहे, वैद्यही घरातच आहे, पण दाखवायचे कसे, हा त्यातला पेच. स्त्रियांच्या बाह्य जननेंद्रियाच्या तक्रारींबाबत हा पेच विनोदाचा राहत नाही. आई मुलीशी बोलत नाही, पत्नी पतीला सांगत नाही, आणि वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढले जाते. अशा तक्रारींपैकी एकीवर लेबियाप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया आहे. तिची चर्चा बहुधा सौंदर्योपचारांच्या जाहिरातींतूनच होते. त्यामुळे जिला तिची खरोखर गरज आहे, तीच ती मागायला संकोचते.

योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंना त्वचेच्या दोन जोड्या असतात. बाहेरची जाड जोडी म्हणजे बृहद्भगोष्ठ आणि आतली पातळ, नाजूक जोडी म्हणजे लघुभगोष्ठ. आतल्या जोडीची वाढ काही स्त्रियांत जास्त असते किंवा एका बाजूची दुसरीपेक्षा मोठी असते. पुष्कळदा ही ठेवण जन्मजात असते आणि वयात येताना जाणवू लागते. कधी बाळंतपणात त्वचा फाटून ती वेडीवाकडी भरून येते. बहुतेकींना याचा काहीही त्रास होत नाही. काहींना मात्र चालताना घासणे, दुचाकीवर किंवा सायकलीवर बसताना त्वचा चिमटली जाणे, शरीरसंबंधाच्या वेळी ती आत ओढली जाऊन दुखणे, लघवीची धार एका बाजूला जाणे, वारंवार सोलवटणे, असे त्रास होतात. सिल्वाशाच्या परिसरातील सूत कारखान्यांत पूर्ण पाळी उभ्याने काढणाऱ्या किंवा खानवेल, मांदोनीकडून खडबडीत रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या स्त्रीसाठी हे घासणे किरकोळ नसते. त्यात पावसाळ्यात आतले कपडे नीट वाळत नाहीत आणि ओलसर कापड सोललेल्या त्वचेला आणखी चिघळवते.

किती आकार ‘सामान्य’, हा प्रश्न इथे येतोच. लंडनमधील एका रुग्णालयात ५० स्त्रियांची मोजमापे घेऊन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघुभगोष्ठांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत आढळली. सात पटींचा हा फरक नैसर्गिक आहे. म्हणून केवळ लांबी मोजून कोणी शस्त्रक्रिया सुचवत असेल तर सावध व्हावे. शस्त्रक्रियेचा निर्णय त्रासावरून व्हायला हवा, दिसण्यावरून नव्हे. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर घाई मुळीच नको. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्येच अठरा वर्षांखालील मुलींवर सौंदर्याच्या कारणासाठी अशी शस्त्रक्रिया करू नये, असे मत मांडले. कारण तोवर शरीराची वाढ चालूच असते.

शस्त्रक्रियेआधी तपासणी महत्त्वाची, कारण घासण्यासारखी लक्षणे इतर आजारांतही दिसतात. बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासावी लागते. मधुमेह तिथे पहिल्यांदा लक्षात येतो, असेही घडते. सुवासिक साबण किंवा पॅडची अॅलर्जी, त्वचा पांढरी व पातळ करणारे विकार, योनिमुखाजवळील ग्रंथीची गाठ यांचे उपचार वेगळे आहेत. ही तपासणी सिल्वाशातील श्री विनोबा भावे शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोग विभागातून सुरू करता येते. महिला डॉक्टर हवी असल्यास तसे स्पष्ट सांगावे; त्यात गैर काही नाही. सुती सैल कपडे, साबणाचा वापर थांबवणे, व्हॅसलीनसारखे साधे मलम आणि बसण्याच्या सवयीत थोडा बदल एवढ्यानेही काही जणींना पुरेसा आराम पडतो.

हे करूनही त्रास राहिला, तर शस्त्रक्रिया. ती स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन करतात. तिच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. एकीत जास्तीची कडा कापून टाके घातले जातात. दुसरीत मधला पाचरीसारखा तुकडा काढून उरलेले भाग जोडले जातात, त्यामुळे मूळ कडा टिकते. अमेरिकी सर्जन गॅरी ऑल्टर यांनी ती १९९८ मध्ये मांडली. शस्त्रक्रिया साधारण एक ते दोन तास चालते. तेवढा भाग बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन ती होते आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येते. रक्तस्राव, संसर्ग, टाके उसवणे, व्रण दुखरा राहणे आणि संवेदनेत बदल हे तिचे धोके. सर्वांत वाईट चूक म्हणजे गरजेपेक्षा जास्त कापणे, कारण काढलेली त्वचा परत जोडता येत नाही. म्हणून ‘किती काढणार आणि का’ हे आधी विचारून घ्यावे. पाळी संपल्यानंतरचे दिवस निवडले तर जखम भरायला अवधी मिळतो.

त्यानंतरचे सहा आठवडे हाच या उपचाराचा अवघड भाग. पहिले दोन-तीन दिवस सूज इतकी असते की काही बिघडले की काय, अशी भीती वाटते. ती सूज अपेक्षितच असते. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरावा आणि कमरेखाली उशी घेऊन पडून राहावे. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहिल्यास आग कमी होते; नंतर पुसू नये, मऊ कापडाने टिपावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. उकिडवे बसल्याने टाके ताणले जाऊ शकतात. घरी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची मिळवावी. चुलीपुढे बसून स्वयंपाक, कपडे धुणे, पाण्याचे हंडे वाहणे ही कामे घरच्यांनी उचलायची आहेत, आणि हे आधीच ठरलेले बरे. ‘छोटे तर ऑपरेशन’ म्हणून तिसऱ्या दिवशी तिला ओट्यापाशी उभे केले, तर टाके उसवण्याची शक्यता वाढते. जखमेवर हळद, पाल्याचा रस किंवा जंतुनाशकाचे तीव्र द्रावण लावू नये. मिश्री आणि तंबाखू बंदच, कारण निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटून जखम भरायला वेळ लागतो.

साधारण दोन आठवड्यांत सूज बरीच उतरते. टाके बहुधा विरघळणारे असतात, ते काढावे लागत नाहीत. बैठे काम आठवडा-दहा दिवसांत सुरू करता येते. कारखान्यातील उभ्याने करायच्या कामासाठी जास्त रजा लागते आणि डॉक्टरांकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे. शरीरसंबंध, सायकल, जड ओझे हे सहा आठवड्यांनंतर, तेही तपासणीत जखम भरल्याचे दिसल्यावरच. अंतिम आकार यायला तीन ते सहा महिने जातात. एकाच बाजूची सूज झपाट्याने वाढली, तासाभरात पॅड भिजला, ताप आला, दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्चाच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. मात्र ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास अपवाद होऊ शकतो. त्यासाठी आधीच्या भेटींच्या कागदांवर तक्रारी, त्यांचा कालावधी आणि केलेले इतर उपचार यांची नोंद असावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच विमा कंपनीकडून लेखी मंजुरी घ्यावी आणि केसपेपर जपून ठेवावेत.