वऱ्हाडचा हिशेब

बडनेऱ्याला लोहमार्ग आला तो कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवीने (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सरकारची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली गाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. कापसाची मोठी पेठ असलेले अमरावती दहाएक किलोमीटर बाजूला राहिले आणि पुढे फाट्याने जोडले गेले. गंमत अशी की, ज्या मुलखातून ही गाडी धावत होती तो कायद्याने इंग्रजांचा नव्हताच. मालक हैदराबादचा निजाम, कारभारी इंग्रज. गेल्या पावणेदोनशे वर्षांत वऱ्हाडचा राजकीय प्रश्न सतत जमाखर्चाच्या भाषेत सोडवला गेला आणि त्या खात्यावर वऱ्हाडी माणसाची सही कधी घेतली गेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

१८५३ चा तह पाहा. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ फौजेचा पगार थकला, म्हणून गव्हर्नर-जनरल डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव लावून घेतले. १८६० मध्ये त्या थकबाकीचे कर्ज माफ झाले, रायचूर दोआब आणि धाराशिव परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. निजामाचा दिवाण सालारजंग याने ते सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढल्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात. त्या सोन्याचे भाडे हैदराबादला आणि वसूल नागपूरला जाऊ लागला. १९१९ च्या सुधारणांनंतर तर विलक्षण प्रकार घडला. वऱ्हाडात मतदान होई, पण हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्याने निवडून आलेले सभासद कागदोपत्री सरकारनियुक्त ठरत. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने वऱ्हाड परत देण्याची निजामाची मागणी फेटाळली. दहा वर्षांनी नव्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. धोरण फिरले, पण तेही दोन दरबारांमध्येच.

इंग्रजी अमलात रयतवारी आली, जमिनीची मोजणी झाली, शेतकऱ्याच्या नावावर सातबारा चढण्याची वाट मोकळी झाली, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि त्या कामाचे मोल मी कमी करणार नाही. पण नावावर चढलेली जमीन गहाणही टाकता येते. कापसाचे भाव कोसळले की ती सावकाराकडे जाई. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: १९४७ पासूनचे करार तर आपल्याच नेत्यांनी केले. होय. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला कराराने संयुक्त महाराष्ट्रात वऱ्हाड-नागपूरला स्वतंत्र उपप्रांत, त्याचे विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ देऊ केले होते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ते मागे पडून लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन उरले. सहा वर्षांत उपप्रांताची टक्केवारी झाली, आणि त्यावर कुठेही लोकांचे मत घेतले गेले नाही. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची, म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या राज्याची, शिफारस केली, तीही स्वीकारली गेली नाही. घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ ची. मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, मधल्या काळात दांडेकर समितीने १९८४ साली विभागांच्या विकासाचा अनुशेष मोजून दाखवल्यानंतर. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.